रिबॉन्डिंग सोडलं, नवे केस कुरळे येतायत, पण मधूनच तुटतायत? आधी तुटलेला केस उचलून बघा

माझे केस चौदा महिन्यांत तीनदा तुटले. गळले नाहीत, तुटले. पहिल्या वेळी कपाळावरच्या बटा भुवईपर्यंत आखूड झाल्या. पाच महिन्यांनी पुन्हा तोच प्रकार, पण या वेळी तुटलेली बट ओढून धरली की नाकाच्या शेंड्याला टेकायची. तिसऱ्यांदा हनुवटीच्या जरा वर. दर वेळी मी शॅम्पू बदलला, तेल बदललं, एकदा तर गिझरच बदलायला निघाले होते. भुवई, नाक, हनुवटी हे खाली सरकत जाणारं माप मला दिसलं ते तिसऱ्या खेपेला.

केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतो. शेवटच्या रिबॉन्डिंगपासूनचे, म्हणजे पार्लरमध्ये रसायनानं केस सरळ करून घेतल्यापासूनचे, महिने बोटांवर मोजले आणि मुलीच्या कंपासपेटीतली पट्टी केसांना लावली. पाच महिने, सहा सेंटिमीटर. दहा महिने, बारा सेंटिमीटर. तिन्ही वेळा केस तुटला होता तो जिथं माझा स्वतःचा कुरळा केस संपतो आणि पार्लरमधला सरळ केस सुरू होतो, बरोबर तिथं. मी त्याला सांधा म्हणते. सगळं दुखणं या सांध्याचं होतं आणि मी औषध लावत होते टोकांना.

रिबॉन्डिंग, स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग यातलं काहीही करून आता आपले केस परत आणायला निघालेल्या बायका सांगली-मिरजेत मला दर लग्नात दोन-चार तरी भेटतात. सगळ्यांची रड एकच: ‘अगं, चांगले वाढत होते, अचानक झाडूसारखे तुटाय लागले.’ सहा-सात महिन्यांनी कंटाळून त्या परत पार्लरच्या खुर्चीत जाऊन बसतात. मीही एकदा दारापर्यंत जाऊन आले होते. म्हणून हे सविस्तर लिहितेय.

सांध्यावरच का तुटतो?

रिबॉन्डिंगची क्रीम केसाच्या आतले गंधकाचे बंध तोडते. आपल्याकडच्या पार्लरमध्ये बहुतेक वेळा वापरतात ते अमोनियम थायोग्लायकोलेट. खुर्चीत बसल्यावर जो कुजक्या अंड्यासारखा उग्र वास येतो ना, तो त्याचाच. बंध सुटले की केस इस्त्रीनं सरळ करतात आणि वरून न्यूट्रलायझर लावतात. त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि ते बंध पुन्हा जुळवतं, पण आता सरळ ठेवणीत. गोम अशी की तुटलेले सगळे बंध काही परत जुळत नाहीत. केस दिसतो रेशमासारखा, पण आतून पोकळ झालेला असतो, आणि ओला झाला की आणखीच लेचापेचा.

मुळातून येणारा नवा केस मात्र कुरळाच येणार. कुरळेपणा ठरतो टाळूच्या आतल्या मुळाच्या आकारावर, आणि क्रीम तिथपर्यंत पोचत नाही. म्हणजे एकाच केसात वरचा भाग धडधाकट नि वळणाचा, खालचा अशक्त नि सरळ. आमच्या विश्रामबागेतल्या घरात जुन्या लोखंडी पाइपला प्लास्टिकचा पाइप जोडलाय. गळती लागते ती कायम जोडावर. प्लंबरकाका म्हणाले होते, ‘वहिनी, दोनी पाइप चांगलेच हायत की, पण दोघांचं वागणं येगळं हाय.’ केसाचंही तेच. कंगवा कुरळ्या भागात अडकतो, आपण हिसका देतो, आणि तो हिसका बसतो सांध्यापासून खालच्या अशक्त भागाला.

आमच्या बाबतीत त्यात आणखी एक भर होती. सहा वर्षं दर सात-आठ महिन्यांनी माझा टच-अप व्हायचा. टच-अपमध्ये क्रीम फक्त नव्या वाढलेल्या केसाला लावायची असते. शेवटच्या खेपेला एका पार्लरमधल्या मुलीनं गप्पांच्या नादात ती मुळापासून टोकापर्यंत थापली. आधीच सरळ केलेल्या केसावर दुसऱ्यांदा तेच रसायन. डोक्याची आग झाली ती वेगळीच. त्या दिवशी मी ठरवलं, बास.

इंटरनेटवर शोधलंत तर या सगळ्या प्रवासाला ‘ट्रान्झिशनिंग’ आणि सांध्याला ‘लाइन ऑफ डिमार्केशन’ म्हणतात असं कळेल. ही भाषा आणि यातल्या बऱ्याच युक्त्या अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय बायकांनी घडवलेल्या आहेत. त्या वापरायच्या ते ‘रिलॅक्सर’. आपल्या रिबॉन्डिंगपेक्षा ते वेगळं. त्यात सोडियम हायड्रॉक्साइड, म्हणजे कॉस्टिक सोडाच, किंवा त्याच्या जातीचं दुसरं हायड्रॉक्साइड असतं आणि ते बंध कायमचे बदलून टाकतं. हे मुद्दाम सांगतेय, कारण परदेशातून कुणी पाहुणी रिलॅक्सरचा डबा घेऊन आली आणि तुमच्या डोक्यावर आधी रिबॉन्डिंग झालेलं असलं, तर तो डबा उघडूसुद्धा नका. या दोन रसायनांचं एकमेकांशी जमत नाही. एकावर दुसरं पडलं तर केस हातात येतो. सांध्याची दुखणी मात्र दोन्हीकडं सारखीच, त्यामुळं त्या बायकांचा अनुभव आपल्याला जसाच्या तसा उपयोगी पडतो.

आणि फक्त केराटिन केलं असेल तर? त्याचा लेप साधारण तीन ते सहा महिन्यांत धुऊन जातो, त्यामुळं सांधा बहुधा इतका ठळक होत नाही. पण त्यातल्या काही प्रकारांत फॉर्माल्डिहाइड सुटतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं ते माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलंय. केराटिन करताना डोळ्यांतून पाणी आणि घशात खवखव आली असेल, तर तो वास आठवा आणि पुढचं तुम्हीच ठरवा.

तपासणी: मोरीच्या जाळीवरचे केस

उपायाच्या आधी एक घाण वाटणारं काम करायचंय. केस धुवायच्या दिवशी मोरीच्या जाळीवर, कंगव्यात आणि टॉवेलवर जेवढे केस सापडतील तेवढे उचला आणि वाळवून जुन्या वर्तमानपत्रावर पसरा. मी हे रविवारी दुपारी ओट्यावर करत होते तर सासूबाई म्हणाल्या, ‘काय गं, करणी काढाय लागलीस काय?’

आता प्रत्येक केसाची दोन्ही टोकं बघा. एका टोकाला बारीकशी पांढरट गाठ दिसली तर तो केस मुळातून आलाय, म्हणजे गळलाय. ही गाठ वर्तमानपत्रावर नीट दिसत नाही, गडद रंगाच्या ब्लाउजपीसवर धरली की ठिपक्यासारखी उठून दिसते. गाठ नसेल आणि तुकडा आखूड असेल तर तो तुटलाय. तुटलेला तुकडा दोन बोटांच्या चिमटीत धरून सरकवा. सगळा गुळगुळीत सरळ असेल तर तो सांध्यावर किंवा सांध्याखाली तुटलाय. माझ्या वर्तमानपत्रावर त्या दिवशी एकसष्ट तुकडे होते, त्यातले पन्नासच्या वर असे सरळ. गाठ असलेले केस अगदी मोजके निघाले, आणि मी सहा महिने केस गळायच्या गोळ्या खात होते!

दिवसाला पन्नास ते शंभर केस गळणं हे कुणाच्याही डोक्याला चालतं. आठवड्यातून दोनदाच धुत असाल तर मधल्या दिवसांचे अडकून राहिलेले केसही त्याच दिवशी पडतात, म्हणून मूठभर दिसतात. गाठवाले केस असे बेतात असतील तर त्यांच्या मागं लागू नका.

तुटलेले आखूड केस डोक्यावर नेमके कुठं आहेत हेही बघायला पाहिजे. माझ्या भाचीनं मिरजेहून फोन केला, मावशी माझेपण सांध्यावर तुटतायत. ती रविवारी आली तेव्हा बघितलं, तर समोरचे आणि वरचे केस ठणठणीत, तुटलेले सगळे मानेवर. कॉलेजला जाताना ती स्कूटीवर स्कार्फ बांधते, त्याची गाठ मानेवर, वरून हेल्मेट. वाऱ्या-धुळीत रोज चाळीस मिनिटं ते सुती कापड मानेवर घासत होतं. तिला तेल नको होतं की शॅम्पू. स्कार्फच्या आत घालायला सॅटिनचा तुकडा आणि केस वर घेऊन बांधणं, एवढ्यावर तिचं काम भागलं. कपाळाच्या कडेला आणि कानशिलावर तुटत असतील तर घट्ट ओढून बांधलेली पोनी किंवा आंबाडा हे पहिलं कारण. तिथले केस आधीच बारीक असतात.

बाकी डोकंभर, आणि तुकडे सरळ? मग तुमचंही दुखणं माझंच.

सगळ्यात मोठा गुन्हेगार: पंचा

सांध्यावर ताण देणाऱ्या गोष्टींची यादी केली तर पहिलं नाव कंगव्याचं येईल असं मला वाटलं होतं. निघाला पंचा. आमच्या घरात केस धुतले की वाकून सगळे केस पुढं घ्यायचे आणि पंच्यानं फटाफट झटकायचे, ही रीत. आईनं शिकवलेली, आईला आजीनं. लांबसडक, जाड, कधी रसायन न लागलेल्या केसाला ते खपून जात असेल. ओला रिबॉन्डिंगचा केस मात्र त्या फटक्यात रबरासारखा ताणला जातो आणि परत आखडत नाही. पंचा बंद केला. जुना सुती टीशर्ट डोक्याला गुंडाळायचा, हलक्या हातानं दाबून पाणी टिपायचं आणि दहा मिनिटं तसंच बसायचं. दोन आठवड्यांत वर्तमानपत्रावरचे तुकडे निम्म्यावर आले. बाकी काहीच बदललं नव्हतं तोवर.

सासूबाईंना हे पटायला वेळ लागला. ‘पाणी डोस्क्यात मुरंल, सर्दी हुईल.’ झाली नाही.

गुंता काढायची रीत

ही पायरी शांतपणे करायची. सोमवारी सकाळी आठला डबे भरता भरता नाही, रविवारी.

कोरड्या केसात कंगवा घालायचा नाही. केस ओले असताना, भरपूर कंडिशनर लावून, रुंद दातांचा कंगवा. आता ‘ओला केस अशक्त’ असं मी वर म्हटलंय आणि इथं ओल्यातच विंचरा म्हणतेय. दोन्ही खरं आहे. सरळ केसाला कोरडं विंचरणं चालतं, पण कुरळा केस कोरडा विंचरला की तो एकमेकांत आणखी अडकतो आणि हिसका बसतो. कंडिशनरनं कंगवा निसटता राहतो, म्हणून ओल्यात. नुसत्या पाण्यात, कंडिशनरशिवाय, अजिबात नाही.

डोक्याचे चार भाग करा आणि तीन भाग क्लचरनं बाजूला बांधा. हातात घेतलेल्या भागाचा सांधा शोधा. पाणी लागल्यावर वरचा भाग स्प्रिंगसारखा वर चढतो आणि खालचा उदबत्तीसारखा सरळ लोंबतो, तो बदल जिथं दिसतो तो सांधा. त्याच्या जरा वर डाव्या हाताची मूठ घट्ट आवळा. मग उजव्या हातानं टोकाकडून सुरुवात करून, दोन-दोन बोटं वर येत, विंचरा. हिसका बसलाच तर मुळापर्यंत जाणार नाही. सांध्याखालचा पट्टा झाला की मूठ वर सरकवा आणि सांध्यावरचा गुंता कंगव्यानं नाही, बोटांनी सोडवा. सुईत दोरा ओवतो तेवढ्या सबुरीनं. तिथं बारीक गाठी बसलेल्या असतात, कारण कुरळा केस खालच्या सरळ केसाभोवती वेटोळं घालतो. एखादी गाठ सुटतच नसेल तर कात्रीनं तेवढीच कापा. एका गाठीच्या हट्टापायी चांगले दहा केस तोडू नका.

मला पहिल्यांदा पन्नास मिनिटं लागली. आता पंधरा लागतात.

तेल, अंडं, मेथी, जवस

खोबरेल तेल आपल्या घरात असतंच. ते कधी लावायचं एवढंच बदला. धुतल्यावर चोपडण्यापेक्षा धुवायच्या आधी तास-दोन तास लावा, तेही टाळूपेक्षा सांध्यापासून खाली जास्त. 2003 मध्ये मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. केसातली प्रथिनं धुताना वाहून जातात ती कमी करण्यात खोबरेल एकटंच ठसठशीत पुढं निघालं. संशोधक तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते हे खरं, पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळं केसाच्या आत शिरतं. केसात शिरलेलं तेल पाण्यानं केस फार फुगू देत नाही. कोंडा असेल तर मात्र टाळूवर रात्रभर तेल थापून झोपू नका. कोंड्याची बुरशी त्याच तेलावर पोसते.

अंडं लावू नका. वास जात नाही, आणि अंड्यातली प्रथिनं एवढी मोठी असतात की केसात शिरत नाहीत, वरच बसतात. दह्याबद्दल माझं मत फार चांगलं नाही. वाटलेली मेथी बुळबुळीत असते म्हणून कंगवा निसटायला बरी, पण तिचे कण कुरळ्या केसातून निघता निघत नाहीत आणि ते काढायच्या घासाघाशीत सांधा पुन्हा ताणला जातो. शिकेकाईची पूड आणि मेंदी यांचीही तीच अडचण. शिकेकाई सोडवत नसेल तर शेंगा रात्री भिजवून सकाळी उकळा आणि पाणी वस्त्रगाळ करून वापरा. पूड थेट डोक्यावर नको. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळते तिच्यात बहुधा पीपीडी हा रासायनिक रंग घातलेला असतो. त्यानं टाळूला ॲलर्जी येऊ शकते, आणि सांधा सांभाळायच्या काळात ती एक नसती भानगड.

मला खरा उपयोग झाला जवसाचा. चटणीसाठी आणतो तेच जवस. दोन चमचे जवस दीड कप पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवा. सात-आठ मिनिटांत पाण्यावर पांढरा फेस येतो आणि चमचा उचलला की तार धरते, अंड्याच्या पांढऱ्यासारखी. त्याच क्षणी गॅस बंद करून गरम असतानाच जुन्या ओढणीच्या कापडातून गाळा. मी पहिल्यांदा ‘जरा निवू दे’ म्हणून थांबले. निवल्यावर त्याचं जे झालं ते ना गळेना ना पिळेना, शेवटी झाडांना घातलं. गाळलेलं जेल बरणीत भरून फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतं. ओल्या केसाला लावलं की कुरळे केस जुळून बसतात, कमी भुरभुरतात, आणि भुरभुरले नाहीत की गुंता कमी.

पाण्याचं काय?

सांगलीतल्या बायकांनी दोष पहिला पाण्याला दिला नाही असं होत नाही. नळाला कृष्णेचं पाणी असतं, पण कितीतरी अपार्टमेंटच्या टाक्यांत बोअरचं. नदीकाठची उसाची जमीन कशी क्षारपड झालीय ते आपण बघतोच, आणि बोअरचं पाणी तसंच मचूळ लागतं. पारख सोपी आहे: त्या पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, नळाच्या तोंडाशी पांढरं किटण धरतं. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावरही बसतं आणि केस खरखरीत होतो.

पण एकट्या पाण्यानं केस सांध्यावर तुटत नाही. तसं असतं तर त्याच पाण्यानं न्हाणाऱ्या सासूबाईंची वेणी कंबरेपर्यंत नसती. पाणी केस खरखरीत करतं, खरखरीमुळं गुंता वाढतो आणि गुंता सोडवताना आपण तोडतो. म्हणून गिझर, फिल्टर, सॉफ्टनर यांच्यावर हजारो रुपये घालायच्या आधी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घ्या, आणि हार्ड वॉटरसाठीचा म्हणून जो शॅम्पू मिळतो तो महिन्यातून एकदा-दोनदा वापरा. माझं त्यात भागलं.

परत पार्लरकडं पाय वळतात ते दिवस

मला विचाराल तर केस पुन्हा पुन्हा तुटायचं खरं मूळ इथं आहे. चौथ्या ते आठव्या महिन्यात डोकं विचित्र दिसतं. वर फुगलेलं, खाली चपटं, छत्रीसारखं. ऑफिसात कुणीतरी विचारतं, ‘आज केस विंचरले नाहीत काय?’ मग एखाद्या लग्नाआधी आपण घरची इस्त्री फिरवतो, ‘फक्त वरवर’. ओलसर केसावर इस्त्री फिरवली की चर्र आवाज येतो ना, ते केसाच्या आतलं पाणी उकळतंय. त्यानं केसात बुडबुडे धरतात आणि तो तिथं काडीसारखा मोडतो. माझी दुसरी तूट बहिणीच्या डोहाळजेवणानंतर आठ दिवसांत झाली होती. तेव्हा मी पाण्याला शिव्या घातल्या. इस्त्री आठवलीच नाही.

यावरचा उपाय उलटा आहे: वरचा भाग सरळ करू नका, खालच्याला तात्पुरती वळणं द्या. रात्री केस किंचित ओलसर असताना जवसाचं जेल लावून सहा-सात पेड करा. वेणी नाही, दोन पेडांचा नुसता पीळ, दोरी वळतो तसा, सैलसर. टोकं बोटाभोवती गुंडाळून ठेवा. सकाळी पूर्ण वाळल्यावर सोडा आणि कंगवा न लावता बोटांनी मोकळे करा. वरचा नि खालचा भाग सारख्याच लाटांचा दिसतो, सांधा कुठं आहे ते मलासुद्धा आरशात शोधावं लागतं. ओले असताना सोडले तर अर्ध्या तासात परत छत्री.

उशीला सॅटिनचा अभ्रा घाला. मी कापड पेठेतून अस्तराचं सॅटिन आणून घरच्या मशीनवर दोन अभ्रे शिवले. सुती अभ्रा रात्रभर केस धरून ठेवतो. बाहेर जाताना केस बांधायचे तर नेहमीचं पातळ रबर नको, कापडाचं सैल रबर घ्या, आणि रोज त्याच जागी बांधू नका. रबर बरोबर सांध्यावर बसत असेल तर वर किंवा खाली सरकवा. लग्नात गजरा माळताना पिना सांध्यात खुपसल्या जातात, तेवढं गजरा माळणाऱ्या ताईंना आधीच सांगा.

कापायचं किती?

एकदाच सगळं कापून मोकळं व्हायची हिंमत असेल तर तो सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय. सांधाच उरत नाही. माझ्यात ती नव्हती, आणि मुलाच्या मुंजीत बॉयकट घेऊन बसायची तयारीही नव्हती. मग मधला रस्ता: दर सहा ते आठ आठवड्यांनी दीड-दोन सेंटिमीटर. जेवढं वाढतं जवळपास तेवढंच कापायचं. लांबी दिसायला तिथंच राहते, पण सरळ भाग हळूहळू संपतो. खांद्यापर्यंतचे, म्हणजे तीस सेंटिमीटरचे केस पूर्ण आपले व्हायला दोन वर्षांच्या आसपास लागतात, हा हिशेब आधीच मनाशी धरा. तीन महिन्यांत ‘नॅचरल’ करून देतो म्हणणाऱ्या सिरमच्या बाटल्या दुकानातच राहू द्या. एकदा खराब झालेला केस कशानंही पुन्हा पहिल्यासारखा होत नाही.

पार्लरमध्ये कापायला गेलात तर एवढंच सांगा: कोरडे असताना कापा, रेझर नको, कात्रीनं. ओला कुरळा केस ताणून कापला की वाळल्यावर बोटभर वर चढतो आणि मग रडू येतं.

डॉक्टरकडं कधी जायचं, हेही बघून ठेवा. वर्तमानपत्रावर गाठवाले केस जास्त आणि ते तीन महिन्यांहून अधिक चाललेत, नाण्याएवढी गोल चाई पडलीय, भांग रुंद होत चाललाय, टाळूवर फोड किंवा खपली आहे, तर सांधा वगैरे विसरा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडं जा. बाळंतपणानंतर किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात, तो प्रकार वेगळा. बहुधा आपोआप थांबतो, पण रक्तातलं लोह नि थायरॉइड एकदा तपासून घ्यायला हरकत नाही. मिरजेला डॉक्टरांची काही कमी नाही.

आता बावीस महिने झालेत. शेवटची तूट होऊन आठ. गेल्या रविवारी वर्तमानपत्रावर नऊ तुकडे होते, त्यातले सरळ चार. मागच्या बाजूला चारेक सेंटिमीटर पार्लरची शेपटी अजून उरलीय. ती या महिन्यात कापणार होते, पण सासूबाईंच्या भाच्याचं लग्न हरिपूरला आहे आणि आंबाड्याला तेवढी लांबी लागते म्हणतात. अक्षता पडल्या की कात्री.